मोंतिकियारीचा जॉर्ज

काही वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत मी उत्तर इटलीतल्या मोंतिकियारी नावाच्या गावी गेलो होतो. मी दूध शीतकरणाच्या यंत्रांच्या धंद्यात आहे. तिथे शेती आणि पशुपालनाचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यासाठी कंपनीने पाठवलं होतं. गाव ब्रेशा जिल्ह्यात आहे. सपाट मुलूख, सगळीकडे गाईंचे गोठे, आणि सकाळी दहा वाजेपर्यंत न हटणारं धुकं. इथल्या गोठ्यांत बरेच पंजाबी लोक काम करतात. आम्हाला हॉटेलातून प्रदर्शनाला नेणारा ड्रायव्हरही होशियारपूरचा सरदारजी होता.

दुसऱ्या दिवशी परतताना रस्त्याकडेला एक मोठी क्रीडागृहासारखी इमारत दिसली. नाव होतं ‘पालाजॉर्ज’. इटलीत बंदिस्त क्रीडागृहाला ‘पालाझेत्तो’ म्हणतात, आणि त्याच्या नावात ‘पाला’ लावण्याची पद्धत आहे. मोदेनाचं क्रीडागृह म्हणजे पालापानिनी, तसं हे पालाजॉर्ज. मी सहज विचारलं, “सरदारजी, हा जॉर्ज कोण? इंग्रज होता का?” त्यांना माहीत नव्हतं. गाडी थांबली होती, म्हणून मी उतरलो. आतलं मैदान बंद होतं. फाटकाशी एक म्हातारा रखवालदार होता. माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी त्याला तोच प्रश्न विचारला. त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि माझ्याच छातीकडे बोट करून म्हणाला, “इंदियानो.” भारतीय. मग हात उंच करून त्याने चेंडू मारल्याचा अभिनय केला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जिमी जॉर्ज. हे नाव मी आयुष्यात एकदाच मोठ्याने वाचलं होतं, १९८७ सालच्या डिसेंबरात, आमच्या घराच्या ओसरीवर बसून. त्या वाचण्याचा परिणाम माझ्या थोरल्या भावाच्या आयुष्यावर झाला. त्या वाचनाकडे मी नंतर येतोच, पण आधी जॉर्जची गोष्ट सांगायला हवी. ती आपल्याकडे केरळाबाहेर फारशी कुणाला माहीत नाही.

*

जिमी जॉर्जचा जन्म ८ मार्च १९५५ चा, केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूरचा. आठ भाऊ, आणि आठही व्हॉलीबॉल खेळणारे. एका संघात सहा खेळाडू लागतात, म्हणजे या घरातून एक पूर्ण संघ उभा राहून वर दोन राखीव उरत. ‘जॉर्ज ब्रदर्स’ असा त्यांचा संघ खरोखरच प्रदर्शनी सामने खेळायचा. यांच्यातलाच एक भाऊ, रॉबर्ट बॉबी जॉर्ज, पुढे लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्जचा नवरा आणि प्रशिक्षक झाला. ॲथलेटिक्समधलं भारताचं जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक २००३ साली तिने पॅरिसमध्ये आणलं. एका घराची उडी किती लांब आणि किती उंच जाऊ शकते, त्याचा हा नमुना.

जिमी विसाव्या वर्षाच्या आधीच देशाकडून खेळू लागला. १९७४ च्या तेहरानच्या आशियाई स्पर्धेत तो होता. १९७६ साली, एकविसाव्या वर्षी, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी वैद्यकीय शिक्षण सोडून तो केरळ पोलिसांत गेला. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. डॉक्टरकी सोडून पोलीस? पण त्या काळात भारतात व्हॉलीबॉल खेळायचं तर तो रस्ता खात्यातूनच जायचा. रेल्वे, सेनादलं, पोलीस, नाहीतर एखादी सरकारी तेल कंपनी. खेळाडूला पगार मिळायचा तो हुद्द्याचा. खेळ हे त्या हुद्द्यावरून मिळालेल्या सवलतीचं नाव होतं. गुडघा गेला तरी नोकरी राहायची. आपल्याकडच्या आईबापांच्या दृष्टीने खेळाचं खरं बक्षीस हेच होतं, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही.

१९७९ साली जिमी अबुधाबीच्या क्लबकडे गेला आणि १९८२ पर्यंत तिथे खेळला. केरळी माणसाने आखातात जाणं यात तेव्हा नवल काहीच नव्हतं. गवंडी, नर्स, कारकून, सगळेच जात होते. पण हा खेळायला गेला. आणि १९८२ मध्ये तिथून तो इटलीला गेला. आधी ट्रेव्हिझो, पुढे मोंतिकियारी. परदेशात व्यावसायिक म्हणून खेळणारा पहिला भारतीय व्हॉलीबॉलपटू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

*

इटलीच का, हा प्रश्न मला पडला होता. प्रदर्शनात भेटणाऱ्या इटालियन व्यापाऱ्यांशी बोलताना आणि नंतर वाचताना त्याचं उत्तर हळूहळू कळत गेलं. उत्तर इटलीत छोट्या छोट्या शहरांतून घराण्यांचे कारखाने आहेत. कुणी चीज बनवतो, कुणी कपडे, कुणी यंत्रं. फुटबॉलचा संघ पोसणं परवडत नाही, पण व्हॉलीबॉलचा परवडतो. मोदेनाचे पानिनी बंधू फुटबॉलपटूंची चिकट चित्रं छापून श्रीमंत झाले. त्यांच्यातल्या जुझेप्पे पानिनीने १९६६ मध्ये व्हॉलीबॉल संघ काढला. पुढे ट्रेव्हिझोत बेनेटन कुटुंब आलं, पार्मात खाद्यपदार्थांच्या कंपन्या आल्या. संघ कारखान्याच्या नावाने ओळखला जाई. आपल्याकडे साखर कारखान्याचा कुस्तीचा आखाडा असतो, तसाच काहीसा हा प्रकार. फरक एवढाच, की यांनी मल्ल जगभरातून आणले.

या सगळ्यातली कायद्याची गंमत अशी. इटलीने १९८१ साली व्यावसायिक खेळाडूंसाठी ९१ क्रमांकाचा कायदा केला. कोणता खेळ व्यावसायिक ठरवायचा ते त्या त्या खेळाच्या महासंघावर सोडलं. फुटबॉल, बास्केटबॉल, सायकल शर्यत यांना ते स्थान मिळालं. व्हॉलीबॉलला मिळालं नाही. म्हणजे जगातली सगळ्यात तगडी समजली जाणारी साखळी स्पर्धा कायद्याच्या कागदावर हौशी होती. खेळाडू दिवसातून दोनदा सराव करणार, आठवड्याच्या शेवटी सामना खेळणार, त्याचे पैसे घेणार, पण कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हता. निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा, बाळंतपण, सगळं करारात लिहिलं तर मिळायचं, नाहीतर नाही. २०२१ मध्ये एका इटालियन महिला खेळाडूचं प्रकरण गाजलं. ती गरोदर राहिल्याने करार संपला, आणि तिने राहिलेले पैसे मागितल्यावर क्लबनेच तिच्यावर उलट दावा लावला. पुढे तो मागे घेतला गेला, पण त्या निमित्ताने लोकांना कळलं, की टीव्हीवर दिसणाऱ्या या तारका कायद्याने छंद म्हणून खेळतात.

परदेशी खेळाडूचं तर आणखी अवघड. संघाला मोजकेच परदेशी घेता येत, त्यामुळे त्याच्यावर नजर जास्त. स्थानिक पोरगा एखाद्या सामन्यात चुकला तर तो आपला पोरगा असतो. बाहेरून आणलेला चुकला तर पैसे वाया गेलेले असतात. त्यात तेव्हाचे नियम आजचे नव्हते. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळायचा, सेट पंधराचा असायचा, आणि कधीकधी दहा-दहा मिनिटं चेंडू इकडून तिकडे जाऊनही फलक हलायचा नाही. मागच्या रांगेत बचाव करायला आज ‘लिबेरो’ असतो, तो नियम १९९८ नंतरचा. जिमीच्या काळात स्मॅश मारणाऱ्यानेच मागे जाऊन पडून चेंडू उचलायचा, आणि उठून पुन्हा उडी मारायची. नेटच्या वर हवेत रेंगाळणं ही जिमीची ख्याती होती. ही ख्याती गुडघ्यांच्या जिवावर उभी असते, हे व्हॉलीबॉल खेळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आणि भाषा. चेंडू अंगावर आला की आपण ओरडतो, “माझा!” इटालियन ओरडतात, “मिया!” बाहेर चालला तर “फुओरी!” हे दोन-तीन शब्द पहिल्या आठवड्यात शिकावेच लागतात, नाहीतर दोघं एकमेकांवर आदळतात. बाकीचं बोलणं सेटरच्या बोटांतून होतं. चेंडू नेटपासून किती लांब हवा, किती वर हवा, कोणत्या क्षणी हातातून सुटायला हवा, हे दोन माणसं एकाही सामाईक वाक्याशिवाय ठरवतात. पण सामना संपल्यावर संध्याकाळी खोलीत कुणाशी बोलायचं, हा प्रश्न राहतोच. परदेशी नोकरीच्या त्या संध्याकाळा मी मोंतिकियारीत आठ दिवस भोगल्या. त्याने हिवाळ्यामागून हिवाळे काढले.

*

खेळाडू परदेशी गेला की देशाचं काय होतं, हा आपला आवडता प्रश्न. जिमीच्या नावापुढे आशियाई स्पर्धांची यादी लिहितात ती अशी: तेहरान १९७४, बँकॉक १९७८, सोल १९८६. मधली १९८२ ची त्यात नाही, आणि ती तर आपल्याच घरची, दिल्लीची. मी ही यादी बऱ्याचदा बघितली आहे. त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून कुणी म्हणेल, बघा, पैशासाठी गेला. पण त्याच यादीत शेवटी सोल आहे. इटलीत मुरलेला जिमी त्या संघात होता, आणि भारताने जपानला मागे टाकून कांस्यपदक जिंकलं. त्याआधी १९५८ मध्ये कांस्य आणि १९६२ मध्ये रौप्य मिळालं होतं. १९८६ नंतर आजवर एकही नाही. परदेशाने आपल्याकडून काय नेलं ते आपण मोजतो. परदेशाने काय परत पाठवलं ते मोजायचं राहून जातं.

उलट बाजूने बघू. इटलीचा पुरुष संघ १९७८ मध्ये घरच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिसरा, पण सातत्य नव्हतं. १९८५ मध्ये हुलिओ वेलास्को नावाचा अर्जेंटिनाचा प्रशिक्षक मोदेनाला आला. त्याने १९८६ पासून ओळीने चार वेळा विजेतेपद आणलं. १९८९ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, आणि १९९० मध्ये इटली जगज्जेती झाली. पुढे १९९४ आणि १९९८ मध्येही. ती इटालियन पोरं मोठी झाली ती दर रविवारी नेटच्या पलीकडे कुणीतरी परदेशी पाहुणा उभा असताना. त्या पाहुण्यांत एक पेरावूरचा होता. जगज्जेतेपदाच्या इतिहासात या पाहुण्यांची नावं येत नाहीत, कारण देश पदकं मोजतो आणि क्लब हंगाम मोजतो. मधे जो माणूस उरतो त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

असे बरेच आहेत. अमेरिकेची फ्लो हायमन ही त्या काळातली जगातली सर्वोत्तम स्मॅशर म्हणता येईल अशी बाई. उंची सहा फूट पाच इंच. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं. पण ज्या देशात १८९५ मध्ये विल्यम मॉर्गनने हा खेळ शोधला, त्या देशात तिला पोट भरता येईल अशी स्पर्धा नव्हती. म्हणून ती जपानला गेली, दाइएई या दुकानांच्या साखळीच्या संघाकडे. २४ जानेवारी १९८६ रोजी मात्सुए शहरात सामना चालू असताना ती बदली होऊन बाकावर येऊन बसली आणि तिथेच कोसळली. वय एकतीस. आधी सगळ्यांना वाटलं हृदयविकाराचा झटका. शवचिकित्सेत कळलं की तिला मार्फन सिंड्रोम होता, म्हणजे उंच, लांब हातापायांच्या माणसांत आढळणारा तो आजार, ज्यात महारोहिणी कमकुवत असते. ज्या शरीराने तिला जगभर नेलं त्याच्यातच तो होता आणि कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या भावाची नंतर तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला, आणि शस्त्रक्रियेने तो वाचला.

सोव्हिएत खेळाडूंची कथा आणखी वेगळी. तिथे बाहेर खेळायला सरकारची परवानगी लागे. १९८० चा ऑलिंपिक विजेता सेटर व्याचेस्लाव झाय्त्सेव्ह इटलीला आला तेव्हा वयाने पस्तिशीला टेकला होता. उमेदीची वर्षं घरी देऊन, उरलेली घेऊन तो आला. स्पोलेतो नावाच्या डोंगरातल्या गावात १९८८ मध्ये त्याला मुलगा झाला. तो मुलगा इव्हान पुढे इटलीकडून खेळला आणि २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये इटलीसाठी पदकं जिंकली. नाव रशियन, राष्ट्रगीत इटालियन. कुणी पाहुणा म्हणून गेला आणि त्याचं पोर घरचं झालं. कुणी जपानच्या बाकावरून उठलंच नाही. आणि कुणाच्या नावाने परक्या गावात एक इमारत उभी राहिली.

३० नोव्हेंबर १९८७ रोजी जिमी जॉर्ज इटलीत मोटार अपघातात गेला. वय बत्तीस. केरळ पोलिसांच्या संघात त्याचं नाव तोवर कायम होतं.

*

आता त्या वाचण्याकडे येतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. तिथे व्हॉलीबॉल दोन प्रकारचं. शूटिंग आणि स्मॅशिंग. शूटिंग हा मुठी मारायचा रांगडा खेळ, गावोगावच्या स्पर्धा त्याच्याच. स्मॅशिंग शाळा-कॉलेजातलं. माझा थोरला भाऊ, दादा, दोन्ही खेळायचा, पण त्याचं खरं अंग स्मॅशिंगचं. तो विद्यापीठाकडून खेळला, राज्याच्या शिबिरापर्यंत गेला. मी त्याला चेंडू उचलून द्यायचो. आम्ही त्याला लिफ्टर म्हणायचो, सेटर हा शब्द नंतर कळला. मुरमाचं मैदान. पडलं की कोपराची सालटी जायची.

१९८७ च्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका एजंटामार्फत दादाला आखातातल्या एका कंपनीच्या संघाकडून विचारणा आली. कंपनीत कारकुनाची नोकरी आणि संध्याकाळी खेळ. दोन वर्षांचा करार, राहायला खोली. पासपोर्टसाठी कागद जमवायला सुरुवात झाली. आबांचं मन होत नव्हतं, पण नाहीही म्हणत नव्हते. मग डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी ओसरीवर पेपर वाचत होतो आणि क्रीडापानावर कोपऱ्यात ती बातमी दिसली. सोलचं कांस्य आम्ही रेडिओवर ऐकलं होतं, त्यामुळे जिमीचं नाव दादाच्या तोंडी असायचं. मी उत्साहाने म्हणा किंवा हादरून म्हणा, बातमी मोठ्याने वाचली. परदेश, एकटा, रस्ता, अपघात.

आबा गोठ्यातून आले होते. हातात शेणाची पाटी तशीच. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “मेलेल्याला खांदा द्यायला बी आपलं मानूस न्हाई तितं.”

भांडण झालं नाही. दादाने कागद जमवणं हळूहळू थांबवलं. एजंटाची दोन पत्रं आली, मग ती थांबली. वर्षभराने तो साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागला. कारखान्याच्या संघाकडून पाच-सहा वर्षं खेळला. घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, माझ्या डिप्लोमाची फी त्यानेच भरली. मी परदेशी जातो, विमानतळावर शिक्के मारून घेतो, ते त्या फीच्या जोरावर. आबांना मी दोष देत नाही. ज्या माणसाने कराडच्या पलीकडे मुक्काम केला नव्हता त्याला परदेश म्हणजे त्या सकाळी मी वाचलेली चार ओळींची बातमीच होती. पण ती बातमी अर्धीच होती. तिच्यात ट्रेव्हिझो नव्हतं, सोलला जपानला हरवणारा उजवा हात नव्हता, आणि पुढे एक गाव आपल्या क्रीडागृहाला त्या माणसाचं नाव देणार आहे, हे तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिरुवनंतपुरमलाही त्याच्या नावाचं स्टेडियम आहे. पण तो त्यांचाच होता. मोंतिकियारीला तसं करायची गरज नव्हती. आबा म्हणाले होते तिथे आपलं माणूस नाही. त्या रखवालदाराने माझ्या छातीकडे बोट केलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की कदाचित होतं.

त्या संध्याकाळी मी हॉटेलातून दादाला फोन केला. तो कारखान्यातून निवृत्त व्हायला आलेला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “आतलं मैदान लाकडी आहे का रे?”

मला सांगता आलं नाही. मी बाहेरूनच परतलो होतो.

दोन वर्षांनी पुन्हा त्याच प्रदर्शनाला जाणं झालं, तेव्हा मी वेळ काढून आत गेलो. शाळकरी मुलींचा सराव चालला होता. बूट काढून कडेला उभा राहिलो, आणि कुणी बघत नाही असं पाहून पन्नाशीच्या घरातल्या माणसाने मारावी तेवढी एक उडी मारली. पाय टेकले तेव्हा जमीन किंचित दबली. लाकडी होती.

दादाला तसं कळवलं. तो म्हणाला, “मग गुडघे वाचले असते.”